कोणी विचारलंच नाही

मलेशियाला जायला व्हिसा लागत नाही, हे सुधीररावांनी मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा त्यांना वाटलं होतं, बायको खूश होईल. कसली कागदपत्रं जमवायची नाहीत, कुठल्या कचेरीत रांग लावायची नाही. तिकीट काढायचं, विमानात बसायचं आणि नातवाच्या दारात उतरायचं. पण शुभदाबाईंचा चेहरा उतरला. त्या मटार सोलत होत्या. हातातली शेंग तशीच धरून त्यांनी विचारलं, "म्हणजे निघण्याआधी कोणी काही तपासणारच नाही?"

"नाही ना. तेच तर सांगतोय."

"मग जे काय व्हायचं ते तिथे गेल्यावरच."

सुधीररावांना यातलं दुःख कळेना. शुभदाबाईंनी जन्मभर पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवलं होतं आणि जगातल्या बहुतेक गोष्टी त्या शाळेच्या हिशेबाने समजून घेत. व्हिसा म्हणजे घरून सोडवून पाठवलेला पेपर. नापास झालात तर निकाल गुपचूप घरी येतो, कपाटात ठेवून देता येतो, शेजाऱ्यांना कळतही नाही. व्हिसा नाही म्हणजे तोंडी परीक्षा. मागे रांग उभी, समोर काचेआड अनोळखी परीक्षक, आणि पलीकडे नातू, नील, वाट बघत थांबलेला. तिथे परीक्षकाने मान हलवली की संपलं.

आता शुभदाबाईंसारख्या बाईंना तोंडी परीक्षेची भीती का वाटावी? तर त्यांना पोलिसांनी पकडून नेलं होतं. सांगून खरं वाटणार नाही, पण नेलं होतं.

ती गोष्ट मागच्या हिवाळ्यातली. मानपाड्याच्या बाजूला, एमआयडीसीपासून हाकेच्या अंतरावर त्यांची सोसायटी. डोंबिवलीत राहायचं तर नाकाची थोडी समजूत घालावी लागते, आणि तीस-पस्तीस वर्षांत शुभदाबाईंच्या नाकाने ती घालून घेतली होती. पण त्या दिवसांतला वास वेगळा होता. पहाटे यायचा आणि घशात जाऊन बसायचा. निवृत्तीनंतर त्या सोसायटीच्या ऑफिसमागच्या खोलीत दुपारी मुलांना शिकवत. पैसे घेत नसत. एके दिवशी छोटा सम्यक धडा वाचायला उभा राहिला आणि खोकल्यामुळे त्याचं एक वाक्य काही पुरं होईना. बाईंनी खिडकी लावली, पंखा बंद केला, पाणी दिलं. पुन्हा तेच. मग सम्यकने पुस्तक मिटलं आणि बाईंकडे बघितलं. मोठ्या माणसांना सगळं जमतं, असा भरवसा असलेली ती नजर होती.

दुसऱ्या दिवशी सोसायटीतली माणसं एका कारखान्याच्या गेटवर जाब विचारायला निघाली, तेव्हा कापडी पिशवीत पाण्याची बाटली आणि बसायला जुना पेपर घेऊन शुभदाबाईही निघाल्या. मी फक्त विचारायला चाललेय, असं सुधीररावांना सांगून गेल्या. गेटवरचा माणूस म्हणाला, साहेब नाहीत. लोक म्हणाले, येईपर्यंत बसतो. बसले. दुपारी पोलीस आले आणि रस्ता मोकळा करा म्हणू लागले. बरेच जण उठले. शुभदाबाई उठल्या नाहीत. त्यांनी अगदी मृदू आवाजात सांगितलं की आम्ही एक प्रश्न विचारला आहे, उत्तर मिळालं की जाऊ. यात अंगावर जाण्याचा भाव मुळीच नव्हता. वर्गात प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबायचं, मधे बोलायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. पोलिसांना ती ठाऊक असायचं कारण नव्हतं.

गाडीत चढताना खालच्या मजल्यावरच्या गुणाजींनी त्यांचा हात धरला होता. गुणाजी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मूळचे कोकणातले, आणि कुठल्याही प्रसंगात लग्नघरासारखे वागणारे. "सावकाश बाई, पायरी उंच आहे. खिडकीची जागा घ्या," असं म्हणून त्यांनी बाईंना पोलिसांच्या गाडीत बसवलं.

पोलीस ठाण्यात सगळ्यांची नावं, वय, पत्ते घेतले. एकेकाला भिंतीपाशी उभं करून फोटो काढला. मग बाकावर बसवून ठेवलं. संध्याकाळ व्हायच्या आत एक अधिकारी आला आणि म्हणाला, जा घरी, काही नाही. कसला गुन्हा, कुठलं कलम, काही नाही.

सुधीररावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गुणाजींनी तर पुढे महिनाभर जो भेटेल त्याला आपल्या अटकेची हकीगत सांगितली, आणि ती दर वेळी जरा लांबत गेली. शुभदाबाईंना मात्र ते 'काही नाही' पचेना. उत्तर बरोबर असतं किंवा चूक असतं. त्यांच्या हातून न तपासलेली वही कधी परत गेली नव्हती. थोड्या दिवसांनी त्या एकट्याच ठाण्यात गेल्या आणि माझ्यावर काही नाही असं लिहून द्या, म्हणाल्या. टेबलामागचा हवालदार चांगला माणूस होता. त्याने त्यांना बसवलं, चहा मागवला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, काही असतं तर लगेच कागद दिला असता. काही नाही, त्याचा कागद मी कुठून आणू?"

तेव्हापासून त्या या विषयावर बोलायच्या बंद झाल्या. मुलीला, अंतराला, कळवायचं नाही असं त्यांनी नवऱ्याला बजावलं. अंतराच्या डोक्याला आधीच एक काळजी होती.

ती काळजी म्हणजे नील. अंतरा आणि जावई दोघंही नोकरीवाले, त्यामुळे नील जन्मापासून डोंबिवलीत आजी-आजोबांकडेच वाढला. दुपारच्या वर्गात तो बाकीच्या मुलांत बसे, आणि इतका बोले की त्याला गप्प करायला बाईंना खडूचा तुकडा दाखवावा लागे. मागच्या वर्षी अंतराची बदली क्वालालंपूरला झाली आणि तो गेला. तिथल्या शाळेत पहिले काही दिवस बरे गेले. मग एके दिवशी तो वर्गात बोलायचा थांबला, तो थांबलाच. घरी बोले, तेही मोजकं. फोनवर आजीला धडा वाचून दाखवी. शाळेत मात्र एक शब्द नाही. शाळा म्हणे वेळ द्या. डॉक्टर म्हणाले कान चांगले आहेत, घसा चांगला आहे. अंतराने विचारून पाहिलं, रागावून पाहिलं, रडूनही पाहिलं. अखेर सुट्टी लागताना नीलने आपण होऊन एकच मागणं केलं. शाळा पुन्हा सुरू होईल तेव्हा आजीने वर्गाबाहेरच्या बाकावर बसावं. शाळेने परवानगी दिली. शुभदाबाईंनी फोनवर तत्काळ हो म्हटलं होतं. तेव्हा व्हिसाचा विषय निघाला नव्हता.

आता तो निघाला आणि त्यांची झोप उडाली. जिन्यात गुणाजी भेटले तेव्हा त्यांच्यापाशी त्यांनी मन मोकळं केलं, कारण त्या गाडीत त्यांच्या शेजारी तेच बसले होते. गुणाजी म्हणाले, एवढंच ना, नाही म्हणून मोकळं व्हायचं. मलेशियाच्या माणसाला डोंबिवलीत काय झालं ते कोण सांगायला बसलंय? आणि आपल्याकडे पासपोर्टच नाही म्हणून आपण वाचलो, असंही त्यांनी समाधानाने सांगितलं. पण जाता जाता म्हणाले, प्रीतमला विचारा. प्रीतम म्हणजे त्यांचा मुलगा, ठाण्याला घोडबंदर रोडवर एका ट्रॅव्हल कंपनीत कामाला होता.

प्रीतमचं ऑफिस उंच काचेच्या इमारतीत होतं. तिथे पोचेपर्यंत गाड्यांच्या गर्दीत टॅक्सी इतका वेळ अडकली की सुधीररावांची डुलकी काढून झाली. बाईंना बघताच प्रीतम खुर्चीतून उठून उभा राहिला. तो त्यांच्याच हाताखाली पाढे शिकलेला. त्याने तिकिटं दाखवली, पोचण्याआधी मोबाइलवर भरायची माहिती दाखवली. नाव, पत्ता, विमान, मुक्काम. त्यात तो प्रश्न कुठेही नव्हता. अमेरिकेचा फॉर्म असता तर गोष्ट वेगळी, असं प्रीतम म्हणाला. तिथे सरळ विचारतात की कधी अटक झाली होती का, आणि गुन्हा दाखल नसला तरी हो म्हणावं लागतं. इथे ती भानगड नाही.

"पण समोरच्या माणसाने तोंडी विचारलं तर?" बाई म्हणाल्या.

"नाही विचारत, बाई. आजी-आजोबांना कोण विचारतंय?"

"पण विचारलं तर?"

"तर नाही म्हणायचं. केसच नाही तर अटक कसली? नुसतं बसवून ठेवलेलं."

"प्रीतम, तुझे वडील गाडीत माझ्या शेजारी होते. ती काय सहल होती?"

प्रीतम हसला. मग चौथीत खोटं बोलताना पकडला गेल्यावर जशी मान खाली घालायचा तशी घालून त्याने खरं ते सांगितलं. व्हिसा असो वा नसो, आत घ्यायचं की नाही हे शेवटी काउंटरवरचा माणूस ठरवतो. त्याच्या मनात आलं तर तो परतीच्या विमानात बसवू शकतो. असं हजारात एखाद्याचं होतं. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांबद्दलही प्रीतम बरंच बोलला, पण ते शुभदाबाईंनी ऐकलं नाही.

परतताना त्या म्हणाल्या, "तुम्ही एकटे जा."

सुधीररावांनी बँकेत आयुष्य काढलं होतं; वाद न घालता माणसाला जागेवर आणायची त्यांची पद्धत होती. ते म्हणाले, "जाईन की. पण त्याने बाकावर बसायला मला बोलावलेलं नाही." आणि बाहेर बघत राहिले.

रविवारी नीलचा फोन आला. नेहमीप्रमाणे धडा वाचून झाला. मग त्याने पुस्तक बाजूला ठेवलं आणि विचारलं, "आजी, तू येणार ना?"

शुभदाबाईंनी लहान मुलाला खोटं 'हो' कधी दिलं नव्हतं. मुलाला नाही म्हणावं, उद्या बघू म्हणावं, पण खोटं हो देऊ नये. त्याने मूल एकदाच फसतं आणि मग कायमचं सावध होतं, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्या क्षणभर थांबल्या. फोनच्या पडद्यावर नील त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

"आजी, तू स्टूलवर बस," तो म्हणाला.

हे स्टूल समजावून सांगायला हवं. बाईंच्या वर्गात खिडकीपाशी एक बुटकं लाकडी स्टूल असे. शाळेत होतं, निवृत्तीनंतर त्यांनी ते घरी आणलं. ज्या मुलाला काही सांगायचं असेल, आणि सांगवत नसेल, त्याने त्यावर जाऊन बसायचं. तिथे बसलेल्याला कोणी मधे तोडायचं नाही, रागवायचं नाही, हसायचं नाही. सांगून संपलं की मुलाने 'झालं' म्हणायचं आणि बाईंनी 'ऐकलं' म्हणायचं. त्यावर आणखी काही नाही. उपदेश नाही, शिक्षा नाही. एवढ्याशा युक्तीने किती चोरलेल्या पेन्सिली, किती घरातली भांडणं आणि किती ओल्या चड्ड्या बाहेर आल्या होत्या. क्वालालंपूरला अंतराने नीलसाठी मुद्दाम निळं प्लास्टिकचं स्टूल आणलं होतं. त्यावर तो एकदाही बसला नव्हता.

शुभदाबाईंनी स्टूल आणलं, फोन टीपॉयवर उभा केला, आणि गुडघे कुरकुरत असताना त्या बुटक्या स्टूलवर त्या बसल्या. आजवर त्या कायम समोर बसल्या होत्या. इथून जग जरा मोठं दिसतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. सम्यकचा खोकला, गेट, गाडी, भिंतीपाशी काढलेला फोटो, बाक, आणि 'जा घरी, काही नाही'. आता विमानतळावर ते विचारतील आणि आत घेणार नाहीत, याची भीती वाटते, हेही सांगितलं. सहा वर्षांच्या मुलाला कळेल अशा शब्दांत सांगायला त्यांना मुळीच अडचण पडली नाही. आयुष्यभर तेच तर केलं होतं.

"झालं," त्या म्हणाल्या.

"ऐकलं," नील म्हणाला. पण तो तिथे थांबला नाही. "तू काय केलं होतंस?"

"प्रश्न विचारला होता."

"मग ते सॉरी म्हणाले?"

"नाही."

"मग तुझी चूक होती की नव्हती?"

"ते कोणी सांगितलंच नाही रे. नुसतं घरी पाठवलं."

पडद्यावरून नीलचा चेहरा नाहीसा झाला. तिथे छताचा पंखा दिसू लागला. मग आवाज आला, "आजी, तू ये. मी थांबतो. ते विचारत बसले तरी थांबतो."

नंतर फोन अंतराच्या हातात आला. ती दारात उभी राहून ऐकत होती, हे तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. "छान," ती म्हणाली. "आमच्या मातोश्री जेलची हवा खाऊन आल्या, आणि हे मला पोराकडून कळतंय."

"जेल नव्हे गं. ठाण्यातला बाक."

"बाबा कुठे आहेत? त्यांना पण स्टूलवर बसवा." मग तिचा आवाज बदलला. "आई, तो आज वर्षभरात पहिल्यांदा एवढं सलग बोलला. तू ये. परत पाठवलं तर मी येईन तिकडे त्याला घेऊन. पण तू निघ."

आणि शुभदाबाई निघाल्या. बॅगेत मेतकूट होतं, नीलच्या आवडीचे खारे शंकरपाळे होते, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात, काही उपयोग नाही हे माहीत असूनही, त्यांनी आपलं शाळेचं जुनं ओळखपत्र ठेवलं होतं.

क्वालालंपूरच्या विमानतळावर पासपोर्ट तपासायच्या रांगा लांबच लांब होत्या. शेवटी पोचल्यावर दोघांना दोन वेगळ्या काउंटरवर पाठवलं. सुधीररावांचं काम चुटकीसरशी झालं. ते पलीकडे जाऊन एका खांबाला टेकून उभे राहिले आणि बायकोकडे बघून त्यांनी मान डोलावली.

शुभदाबाईंच्या काचेमागे एक तरुण मुलगा होता. त्याने किती दिवस राहणार, कुठे राहणार, एवढं विचारलं. त्यांनी इंग्रजीत सावकाश, पूर्ण वाक्यांत उत्तरं दिली. त्याने बोटं काचेवर ठेवायला सांगितली. मग समोरच्या छोट्या कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. त्या बघू लागल्या, आणि त्यांना ठाण्यातली ती भिंत आठवली. एवढं झालं आणि त्याने शिक्का उचलला. संपलं होतं. त्याने विचारलंच नव्हतं.

इथे कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण बाईंच्या वर्गात आणखी एक रिवाज होता. वहीत बाईंकडून चुकून एखादा मार्क जास्त पडला, तर मुलाने येऊन सांगायचं. बाई तो मार्क काढून घेत आणि त्याच्या जागी एक चांदणी काढून देत. मुलं धावत येऊन सांगत. कधी कधी पडलेला मार्क बरोबर असूनही चांदणीसाठी येत. शिक्का खाली येत होता तेवढ्यात शुभदाबाईंच्या मनात आलं की हा आपल्याला जास्तीचा मार्क पडतोय. आता गप्प बसलो तर महिनाभर ही गोष्ट घशात धरून वर्गाबाहेरच्या त्या बाकावर बसावं लागेल. आणि दाराच्या आतल्या पोराला तरी मग कुठल्या तोंडाने बोल म्हणायचं?

"जरा थांबा," त्या म्हणाल्या. "तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सांगायचं आहे. माझ्या देशात मला एकदा पोलिसांनी अटक केली होती. गुन्हा नोंदवला नाही. संध्याकाळी सोडलं."

त्या मुलाचा हात हवेतच राहिला. त्याने त्यांच्याकडे बघितलं, पासपोर्टकडे बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. खांबापाशी सुधीररावांनी कपाळाला हात लावला. त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण तेहतीस वर्षांच्या संसारात बायकोच्या पाठीकडे बघून बरंच कळायला लागतं.

मुलाने फोन उचलला. डोक्याला रुमाल बांधलेली एक अधिकारी बाई आली आणि शुभदाबाईंना बाजूच्या खोलीत घेऊन गेली. भिंती पांढऱ्या, टेबल एक, खुर्च्या दोन. गेलं, शुभदाबाईंच्या मनात आलं. नील थांबलाय आणि मी परतीच्या विमानात बसणार. पण त्या बाईने आधी खुर्ची पुढे केली, मग पाण्याचा ग्लास ठेवला, आणि समोर बसून म्हणाली, सांगा.

शुभदाबाईंनी सांगितलं. स्टूलवर बसून नीलला सांगितलं होतं तेच, त्याच क्रमाने. मुलाच्या खोकल्यापासून ते 'काही नाही' पर्यंत. त्या बाईने मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर तिने विचारलं की कोर्टात नेलं होतं का? नाही. शिक्षा? नाही. कागद? कागदही नाही.

"मग तुम्ही मला हे का सांगितलंत? कोणी विचारलं होतं?"

"कोणी नाही," शुभदाबाई म्हणाल्या. "पण बाहेर माझा नातू उभा आहे. तो विचारणार आहे."

अधिकारी बाई कॉम्प्युटरकडे वळली. तिने काही कळा दाबल्या, मग हात मांडीवर ठेवले. आमच्याकडे हे लिहायला जागाच नाही, असं ती म्हणाली. ते ऐकून शुभदाबाईंना तो हवालदार आठवला. 'काही नाही'चा कागद कुणाकडेच नव्हता. जगातल्या कुठल्याच टेबलावर नव्हता. आणि गंमत म्हणजे, आता तो नसल्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. कोणीतरी आपल्याला समोर बसवून, तोंडाकडे बघत, शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं.

बाईने उठून स्वतः शिक्का मारला. पासपोर्ट परत देताना तिने एकच गोष्ट विचारली, की तो वास कशाचा होता, ते पुढे कळलं का?

"अजून नाही," शुभदाबाई म्हणाल्या. "गेल्यावर पुन्हा विचारणार आहे."

खोलीबाहेर सुधीरराव पाण्याबाहेरच्या माशासारखे तडफडत उभे होते. त्यांनी बायकोची पर्स आपल्या खांद्याला अडकवली आणि बॅगांची ट्रॉली ढकलत चालू लागले. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "गुणाजींना सांगू नकोस. ते पुढच्या वर्षी पासपोर्ट काढून इथे अटक करून घ्यायला येतील."

बाहेर कठड्याला धरून नील उभा होता. मागे अंतरा होती, वाट बघून तिचा जीव अर्धा झालेला. सगळी माणसं कधीच बाहेर येऊन गेली होती. आजी दिसल्यावर नील धावला नाही. ती जवळ येईपर्यंत उभाच राहिला आणि मग म्हणाला, "विचारलं त्यांनी?"

"नाही."

"मग तू सांगितलंस?"

"हो."

"मग?"

"मग बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. आणि ऐकलं."

नीलने यावर विचार केला. मग तो ट्रॉलीवर चढला आणि सगळ्यात खालच्या बॅगेच्या कडेवर, आजोबांची पिशवी बाजूला सारून, बसला. "आजी, हे स्टूल आहे," तो म्हणाला.

आजूबाजूने माणसं चालली होती. टॅक्सीवाले पाट्या घेऊन उभे होते. अंतरा काही म्हणायला गेली, पण शुभदाबाईंनी नुसता तळहात दाखवला आणि त्या तिथेच, नीलच्या तोंडासमोर तोंड येईल अशा, कमरेत वाकून उभ्या राहिल्या.

त्याने सांगितलं. वर्गात माशांची काचेची पेटी होती. एके दिवशी कोणीतरी तिच्यात रंग टाकला, पाणी लाल झालं. नील पेटीजवळ उभा होता, कारण त्याला मासे आवडायचे. टीचरने त्याचा हात धरून ऑफिसात नेलं. तिथे एका मोठ्या खुर्चीवर बसवलं. त्याला इंग्रजीत सांगायचं होतं, पण शब्द येईनात. सगळे एकमेकांत बोलत होते. मग टीचरने पुन्हा हात धरून वर्गात आणून सोडलं. पेटी दुसऱ्या दिवशी नव्हती. कोणी काही म्हणालंच नाही. ना टीचर, ना मुलं. मग त्याला वाटलं, आपण बोललो तर पुन्हा तिकडे नेतील.

"मी नव्हता टाकला," तो म्हणाला. "झालं."

अंतराने तोंडावर हात ठेवला होता. सुधीरराव काही बोलणार होते, पण बायकोने त्यांच्याकडे बघितलं तसे ते ट्रॉलीचा दांडा घट्ट धरून गप्प राहिले.

"ऐकलं," शुभदाबाई म्हणाल्या.

नियमाप्रमाणे यापुढे काही बोलायचं नव्हतं. पण नीलच म्हणाला, "आता?"

"आता सोमवारी आपण दोघं जाऊ. मी तुझ्याबरोबर आत येईन. आपण टीचरना विचारू, की त्या दिवशी नीलची चूक होती की नव्हती. त्यांना आठवत नसेल, तर आठवण करून देऊ."

"आणि त्यांनी उत्तर नाही दिलं तर?"

"मग बसू," आजी म्हणाली. "बाहेर बाक आहेच ना."

"मी पण?"

"तू पण. मी पेपर आणलाय अंथरायला."

नील हसला. मग बॅगेवरून उतरायचं सोडून तो तिथेच नीट मांडी घालून बसला, आणि आजोबांनी ट्रॉली ढकलायला सुरुवात केल्यावर आजीला शंकरपाळे कुठल्या पिशवीत आहेत ते विचारू लागला. आधी हळू, मग मोठ्याने, मग इतक्या मोठ्याने की दोन-तीन माणसांनी वळून बघितलं. शुभदाबाईंनी त्याला गप्प केलं नाही.